ऑर्गनवाल्याचा पाय

मिस्टर ग्रे यांनी दोन्ही हिअरिंग एड कानातून काढले, रुमालाने पुसले आणि माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"हे परत घे, डिअर," ते म्हणाले. "यांनी माझा ऑर्गन बेसूर केला."

त्यांची मुलगी डनीज शेजारच्या खुर्चीत जाडजूड पार्का कोट न काढताच बसली होती. हॅलिफॅक्सची सिटी बस चालवते. शिफ्ट संपवून वडिलांना घेऊन थेट आली होती.

"डॅडी, यांच्यामुळे तुम्हाला फोन ऐकू यायला लागला," ती म्हणाली. "परवा स्टोव्हचा टायमर ऐकलात. चार वर्षांत पहिल्यांदा."

"फोन ऐकू येतो. ऑर्गन येत नाही. फोनवर मला कोण बोलावतंय? रविवारी ऑर्गनवर बोलावतात."

मी ऑडिऑलॉजिस्ट आहे. म्हणजे कानाची डॉक्टर नव्हे. माणसाला किती आणि काय ऐकू येतं ते मोजायचं, आणि लागलं तर कानाचं मशीन बसवून द्यायचं, हे माझं काम. शिकले मुंबईत, पाच वर्षं ठाण्याच्या एका हॉस्पिटलात काढली. नवऱ्याला इथल्या युनिव्हर्सिटीत नोकरी लागली म्हणून कॅनडात हॅलिफॅक्सला आले, पुन्हा परीक्षा दिल्या आणि बंदरापलीकडे डार्टमथच्या एका क्लिनिकमध्ये लागले. रोज फेरीबोटीने जायचं, फेरीने यायचं. हा प्रसंग साधारण २०१० च्या हिवाळ्यातला. नोकरीला तीन वर्षं झाली होती आणि आपल्याला काम येतं असं मला वाटायला लागलं होतं.

त्यामुळे आम्ही सगळे ऑडिऑलॉजिस्ट जे वाक्य पाठ म्हणतो, ते मी म्हटलं. "मिस्टर ग्रे, मेंदूला नव्या आवाजाची सवय व्हायला सहा-आठ आठवडे लागतात. थोडा धीर धरा."

त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "ऑर्गनची सवय मला साठ वर्षांची आहे. एक सूर दाबून धरला की तो थरथरतो. मला वाटलं, स्पीकर खराब झाला. आमच्या ऑर्गनचा स्पीकर पेटीच्या आत गोल फिरतो, त्याने सूर डुलतो. मी फिरणं बंद केलं. तरी थरथरतो. मग मी हे दोन्ही काढून खिशात टाकले. सूर सरळ. आता सांग, खराब काय आहे?"

मला तेव्हाच कळायला हवं होतं. माणसाने माझ्या आधीच तपासणी करून टाकली होती, आणि तीही बरोबर पद्धतीने. एक एक गोष्ट बंद करून. पण मी मशीनमध्ये असलेला 'म्युझिक' नावाचा प्रोग्राम सुरू करून दिला आणि एक आठवडा वापरून बघा म्हटलं. त्या प्रोग्रामने फार काही होत नव्हतं. बास, म्हणजे खालचे सूर, थोडे वाढायचे.

त्यांनी पार्का घातला. दारात थांबून डनीज म्हणाली, "असे आठवड्यामागून आठवडे नाहीत आमच्याकडे. त्यांना सात गाणी ऐकायची आहेत."

सात गाण्यांची गोष्ट तिने दारात उभ्या उभ्या सांगितली. मिस्टर ग्रे डार्टमथजवळच्या जुन्या कृष्णवर्णीय वस्तीत जन्मले. आठव्या वर्षापासून चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. वयाच्या विशीत एका मामाच्या ओळखीने अमेरिकेत ओहायोला गेले आणि तिथल्या एका छोट्या स्टुडिओत सेशन म्युझिशियन म्हणून तीन वर्षं होते. गाणारे येऊन गाऊन जायचे, पण मागे वाजवणारे पाच-सहा जण तेच. तबकडीवर गायकाचं नाव असायचं, कंपनीचं असायचं. वादकांचं कुठेच नाही. ते दिवस सोल संगीताचे होते. चर्चमध्ये देवाला ज्या आवाजात हाक मारतात, त्याच आवाजात प्रेयसीला हाक मारायची, असं ते संगीत. त्यामुळे चर्चमध्ये तयार झालेल्या ऑर्गनवाल्याला मागणी होती. मग आई आजारी पडली, ते परत आले, आणि पुढची तीस वर्षं गोदीत जहाजांचे पत्रे ठोकले. कान गेले ते तिथे.

आता टोरांटोची एक लहानशी कंपनी त्या स्टुडिओतली सात गाणी एका सीडीवर पुन्हा काढणार होती. स्टुडिओ बंद पडला तेव्हा सगळे कागद गेले होते. कंपनीच्या पीटर नावाच्या माणसाने हयात असलेला एक ड्रमर शोधला, ड्रमरने मिस्टर ग्रे यांचं नाव सांगितलं. पीटरने सात गाणी पाठवली होती. कुठल्या गाण्यात ऑर्गन तुम्ही वाजवला आहे ते ऐकून लिहा, सीडीबरोबरच्या पुस्तिकेत नाव छापू. मुदत पुढच्या महिन्याअखेरची.

"त्यातलं एक गाणं रेडिओवर अजून लागतं," डनीज म्हणाली. "माझ्या लग्नात आम्ही त्यावर नाचलो. अख्ख्या वस्तीला माहीत आहे की त्यात डॅडी आहेत. आणि आता ते म्हणतात, मला सातही गाण्यांत एकच माणूस ऐकू येतो आणि तोही बुडालेला."

फेरीत बसून मी माझ्या जॉन काकांचा विचार करत होते. वसईचे. हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवायचे. एखादं गाणं लागलं की घरातले सगळे गप्प व्हायचे आणि काका म्हणायचे, "हा मी." वीस व्हायोलिनं एकदम वाजत असायची. आम्ही पोरं मागे हसायचो. काकांना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचं म्हणणं खरं होतं की नाही, हे आता सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा मॅनेजर ग्लेन माझ्या खोलीत आला. ग्लेन चांगला माणूस. त्याच्यापुढे एक्सेल शीट असते आणि मशीन परत करायची मुभा असलेले ट्रायलचे दिवस संपायच्या आत ती हिरवी व्हावी एवढीच त्याची इच्छा असते.

"ग्रे परत करतायत का?"

"अजून नाही. त्यांना ऑर्गन बेसूर ऐकू येतो."

"मर्लिन, हिअरिंग एड बोलणं ऐकण्यासाठी असतात. संगीतासाठी कुणीच बनवत नाही. त्यांना तसं सांग, परत घे आणि पुढचा पेशंट बघ."

"ट्रायलचे एकोणीस दिवस बाकी आहेत."

"आहेत ना. पण तुझ्या अपॉइंटमेंट अर्ध्या अर्ध्या तासाच्याच राहू देत."

मी पुढच्या मंगळवारी मिस्टर ग्रे यांना दिवसातली शेवटची अपॉइंटमेंट दिली, म्हणजे पुढे कोणी खोळंबणार नाही. येताना सीडी आणा म्हटलं.

आमच्याकडे एक साधं साधन असतं. डॉक्टरच्या स्टेथोस्कोपसारखी नळी. तिच्या टोकाला पेशंटचं मशीन लावायचं आणि त्यातून काय बाहेर येतं ते आपण आपल्या कानाने ऐकायचं. मशीन चालू आहे की बंद एवढंच बघायला आम्ही ती वापरतो. दहा सेकंद. "हॅलो, वन टू थ्री" म्हणायचं आणि ठेवून द्यायची. मी मिस्टर ग्रे यांचं मशीन असं तीनदा तपासलं होतं. तिन्ही वेळा उत्तम होतं.

या वेळी सीडी लावली आणि नळी कानाला लावली. ड्रम ठीक होते. गाणारी बाई ठीक होती. मग ऑर्गनने एक सूर धरला. पहिला अर्धा सेकंद सरळ, आणि मग तो डगमगायला लागला. पाण्यातून कोणी बोलावं तसा. सूर थांबल्यावरही मागे एक बारीक शेपूट राहिलं, आणि पुढचा सूर त्या शेपटावर घासला.

मी नळी काढली. "मिस्टर ग्रे, तुमचं बरोबर होतं. बेसूरच आहे. मी आधी ऐकून बघायला हवं होतं. सॉरी."

त्यांनी मान डोलावली. "चला," ते डनीजला म्हणाले, "म्हणजे मी म्हातारा झालो, पण वेडा नाही."

कारण शोधायला मला दोन दिवस लागले, आणि टोरांटोच्या एका जुन्या सहकाऱ्याला एक फोन. कारण असं. हिअरिंग एड शिट्टी मारतो हे तुम्ही ऐकलं असेल. स्पीकरमधून निघालेला आवाज कानाच्या फटीतून बाहेर येतो, पुन्हा माइकमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होतो, आणि कुईं सुरू होतं. ते थांबवायला मशीनमध्ये एक पहारेकरी असतो. एकसारखा, न हलणारा, स्वच्छ सूर ऐकला की तो समजतो, ही शिट्टी. आणि लगेच तिच्या उलट आवाज सोडून तिला पुसून टाकायला बघतो. बोलण्यात असा सूर कधी येत नाही, म्हणून बोलताना त्रास होत नाही. ऑर्गनमध्ये मात्र सगळे सूर तसेच असतात. पहारेकरी मिस्टर ग्रे यांच्या प्रत्येक सुराला शिट्टी समजून पुसत होता.

उपाय सोपा वाटतो. पहारेकरी बंद करा. मी केला. मशीनने अशी शिट्टी मारली की रिसेप्शनवरची मुलगी आत डोकावून गेली.

म्हणजे आधी फट बुजवायला हवी. त्यांच्या कानात जे टोक होतं ते मऊ, तयार मिळणारं, सैलसर होतं. मी त्यांच्या कानात गुलाबी सिलिकॉनचा लगदा भरला, पाच मिनिटं वाळू दिला आणि साचा काढला. नेहमीपेक्षा खोल. त्यावरून लॅब कानाच्या मापाचं घट्ट टोक, म्हणजे मोल्ड, बनवून देते. याला दहा दिवस.

ग्लेनला ऑर्डरची कॉपी मिळाली. "ट्रायल संपायला आठवडा असताना नवे मोल्ड?"

"हो."

"आणि तरीही परत केले तर?"

"तर मी चूक होते असं शीटमध्ये लिही."

त्याने डोळे मिटून उघडले, ट्रायल दोन आठवडे वाढवली आणि सही केली.

मोल्ड आले. बसवले. पहारेकरी बंद केला. शिट्टी नाही. मिस्टर ग्रे म्हणाले, "माझा स्वतःचा आवाज घागरीत बोलल्यासारखा येतोय." घट्ट टोकाने तसं होतंच. दोन प्रोग्राम ठेवू म्हटलं, एक बोलण्याचा आणि एक ऑर्गनचा, पण घागर दोन्हींत राहील. "राहू दे," ते म्हणाले. "मी फार बोलत नाही."

सीडी लावली. ते डोळे मिटून ऐकत होते. मी आपली खुशीत. सूर अगदी सरळ येत होता.

"सूर सरळ झाला," ते म्हणाले. "पण पाय मेला."

"कोणाचा पाय?"

त्यांनी माझ्या टेबलाखाली उजवा बूट पुढे केला आणि टाच टेकवून पंजा हळूहळू खाली नेला, वर आणला. ऑर्गनच्या पट्टीवर बोट जोरात दाबलं किंवा हळू दाबलं, आवाज तेवढाच येतो. पियानोसारखं नसतं. आवाज कमी-जास्त करायचा तो उजव्या पायाखालच्या पॅडलने. "बोटं कुणाचीही सारखी असतात," ते म्हणाले. "ऑर्गनवाला ओळखायचा तो पायाने. गाणारी श्वास घेते तिथे तुम्ही तिच्याखाली वर यायचं. ती गायला लागली की खाली जायचं. मला चर्चने हेच शिकवलं. आता ऐक, या गाण्यात पाय आहे? सातांपैकी एकातही नाही. आणि मी कधी पाय मेलेला ठेवून वाजवलेलं नाही. म्हणजे मग यातलं एकही माझं नाही, असं म्हणायचं का?"

डनीज पार्क्याची चेन वर-खाली करत राहिली.

या वेळी मी मेंदूची सवय वगैरे काही बोलले नाही. मशीन हळू आवाज जास्त वाढवतं आणि मोठा आवाज कमी वाढवतं. मुद्दामच तसं असतं. त्यामुळे कुजबुज ऐकू येते आणि दार आपटलं तरी दचकायला होत नाही. बोलण्यासाठी ही सोय फार चांगली. पण मिस्टर ग्रे यांचा पाय आवाज खाली नेत होता तेव्हा मशीन तो वर उचलत होतं, आणि पाय वर नेत होता तेव्हा मशीन दाबत होतं. दोघांची झटापट होऊन शेवटी सपाट रस्ता.

हे ऑफिसमध्ये सीडीवर नीट जुळवता येईना. "मला खरा ऑर्गन हवा," मी म्हटलं.

शनिवारी दुपारी डनीज मला फेरीच्या धक्क्यावर घ्यायला आली. आदल्या दिवशी बर्फ पडलं होतं. चर्च लहान, लाकडी, पांढरं. मिस्टर ग्रे आमच्या आधी येऊन पायऱ्यांवरचं बर्फ फावड्याने काढत होते, आणि डनीज त्यावरून त्यांना बोलली. आत हीटर नुकताच लावलेला. आम्ही तिघंही पार्का घालूनच बसलो.

मी लॅपटॉप प्रार्थनेच्या पुस्तकांच्या स्टँडवर ठेवला, वायर त्यांच्या गळ्यात अडकवली. ते एक सूर धरायचे, पाय हलवायचे, आणि मी आकडे बदलायचे. जेवढं आत येईल तेवढंच बाहेर जाऊ दे, उचलायचं नाही, दाबायचं नाही, या दिशेने एकेक पायरी.

"आता?"

"पाय जागा होतोय. अजून."

"आता?"

"अजून थोडा."

मग त्यांनी दोन्ही हात भरून वाजवलं आणि तोंड वाकडं केलं. "चरचरतंय." समोर बसून ऑर्गन ऐकला की तो माणसाच्या बोलण्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. माइकमध्येच तो मावत नव्हता. तिथे सॉफ्टवेअरचा उपयोग नाही. टोरांटोच्या सहकाऱ्याने यावर एक उपाय सांगितला होता आणि मला तो थट्टा वाटला होता. मी पर्समधून चिकटपट्टी काढली, नखाएवढे तुकडे कापले आणि दोन्ही मशिनांच्या माइकवर चिकटवले.

"हे कॉलेजात शिकवतात?" मिस्टर ग्रे यांनी विचारलं.

"नाही."

त्यांनी पुन्हा वाजवलं. आता चरचर नव्हती. त्यांनी एक स्वर धरला, उजव्या हाताच्या करंगळीने, आणि बाकी काही केलं नाही. फक्त पाय. तो एक सूर त्या लाकडी खोलीत उठला, थांबला, बसला, पुन्हा उठला. मी वसईत चर्चच्या कॉयरमध्ये दहा वर्षं गायले आहे. पण एकाच सुरात इतकं काही असू शकतं हे मला माहीत नव्हतं. मिस्टर ग्रे भिंतीकडे बघत होते. मिनिटभराने त्यांनी करंगळी उचलली.

"मी अजून वाजवू शकतो," ते म्हणाले. सांगत कोणालाच नव्हते.

डनीजने पर्समधून सीडी प्लेअर काढून पियानोवर ठेवला. सोबत पीटरचा कागद. सात ओळी, प्रत्येकीपुढे रिकामी जागा. मी निघायला हवं होतं, माझं काम झालं होतं. पण परतीची गाडी डनीजचीच होती. मी बाकावर बसून राहिले.

पहिलं गाणं. "हा मी." लगेच. डनीजने लिहिलं. दुसरं. "मी." तिसऱ्याला त्यांनी अर्ध्यावर हात केला. "यात ऑर्गनच नाही, तो अकॉर्डियन आहे. पीटरला सांग."

चौथं ते रेडिओवरचं. डनीजने आवाज थोडा वाढवला. मलाही ते गाणं माहीत होतं, कुठल्याशा ग्रोसरी स्टोअरमध्ये ऐकलेलं. मिस्टर ग्रे यांनी संपेपर्यंत ऐकलं. "पुन्हा लाव." पुन्हा लावलं. या वेळी त्यांचा उजवा पाय गाण्याबरोबर हलत होता आणि मध्येच थांबला.

"हा मी नाही."

"डॅडी."

"हा रॉस्को आहे. मी रजेवर असलो की तो यायचा. रोलर स्केटिंगच्या हॉलमध्ये वाजवायचा. तिथे आवाज एकसारखा ठेवावा लागतो, नाहीतर लोक अडखळतात. त्याचा पाय झोपलेला असायचा, पण बोटं सुंदर. ऐक ना, किती सुंदर आहेत."

"तुम्ही हे गाणं वाजवलं होतं. तुम्हीच सांगितलंत."

"वाजवलं होतं. मंगळवारी. चार वेळा. मग तार आली म्हणून मी घरी निघून आलो. त्यांनी ते पुन्हा केलं असणार. आम्हाला कोण सांगणार? आम्हाला तर गाण्याचं नावही माहीत नसायचं." ते डनीजकडे वळले. "रेडिओवर लागलं तेव्हा मी किचनमध्ये होतो. आई पलंगावर. मी म्हटलं, ममा, हा मी. त्या रेडिओच्या एवढ्याशा स्पीकरमधून पाय कुठला कळतोय."

डनीजने पेनाला टोपण लावलं. ती चाळिशीची बाई. या गाण्यावर तिचं लग्न लागलं होतं. मला वाटलं, मी नीट काम केलं नसतं तर बरं झालं असतं. खरंच वाटलं. सैल टोक आणि पहारेकरी तसेच ठेवले असते तर हे गाणं त्यांचंच राहिलं असतं.

"कोणाला कळणार आहे?" डनीज हळूच म्हणाली. "ड्रमरलासुद्धा आठवत नाही म्हणाला पीटर."

"रॉस्कोचं घर असेल ना," मिस्टर ग्रे म्हणाले. "मुलंबाळं असतील. ती रेडिओ लावून सांगत असतील, हे आमचे डॅडी, आणि लोक हसत असतील. लिही. रॉस्को. आडनाव मला आठवेल, थांब."

आडनाव आठवायला त्यांना पाच मिनिटं लागली. डनीजने लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं, पण लिहिलं.

पाचवं गाणं कागदावर प्रश्नचिन्ह घालून दिलेलं होतं. कधीच बाहेर न आलेलं. पेटीत नुसती टेप सापडली होती आणि गाणारीचं नावही माहीत नव्हतं. गाणं संथ. पहिल्या कडव्यात ड्रमही नाहीत. एक बाई गाते आणि तिच्याखाली ऑर्गनचा एकच सूर. पूर्ण कडवंभर. ती श्वास घेते तेव्हा सूर वर येतो. ती गाते तेव्हा बाजूला होतो.

या वेळी मलाही कळलं. डनीजलाही कळलं. आत्ता अर्ध्या तासापूर्वी त्याच खोलीत आम्ही तो पाय ऐकला होता. वीस वर्षांचा माणूस आणि अडुसष्ट वर्षांचा माणूस, पाय तोच.

"हे काय आहे?" डनीज म्हणाली. "हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

"मला माहीतच नव्हतं की हे कोणी ठेवलंय," मिस्टर ग्रे म्हणाले. "ती मुलगी घाबरली होती. पहिल्यांदाच स्टुडिओत आलेली. मी तिला म्हटलं, तू गा, मी धरून ठेवतो."

डनीजने ते गाणं आणखी दोनदा लावलं. तिसऱ्यांदा मिस्टर ग्रे यांनी ऑर्गन सुरू केला आणि सीडीवरच्या स्वतःबरोबर तोच सूर धरला. डनीज बाकाच्या टोकाला उभी राहून ऐकत होती. मग तिने पार्का काढून बाकावर ठेवला. खोली तोवर गरम झाली होती.

उरलेल्या दोनांपैकी एक त्यांचं निघालं, एक कोणाचं ते त्यांना सांगता आलं नाही. त्यांनी तसंच लिहायला लावलं.

सोमवारी ग्लेनने विचारलं, "ग्रे?"

"ठेवतायत."

"गुड." शीट हिरवी झाली. मग त्याचं लक्ष माझ्या रिपोर्टवर गेलं. "हे काय, चिकटपट्टी? मर्लिन, आपण चिकटपट्टी लावून दिली?"

"काम करते."

"कंपनीला कळलं तर?"

"त्यांनी मोठा आवाज मावेल असा माइक बनवावा."

यावर तो हसला आणि एका पानात सगळं लिहून दे म्हणाला. मी दिलं. पुढच्या वर्षभरात त्या पानाचा उपयोग एका बॅगपाइपवाल्याला झाला, आणि सतार शिकवणाऱ्या एका बंगाली बाईंना.

सीडी उन्हाळ्यात आली. मिस्टर ग्रे एक प्रत घेऊन क्लिनिकमध्ये आले, अपॉइंटमेंट न घेता. पुस्तिकेत त्यांचं नाव चार गाण्यांपुढे होतं. रॉस्कोचं एका. पीटरने रॉस्कोच्या मुलीला शोधून काढलं होतं, आणि तिने ओहायोहून मिस्टर ग्रे यांना फोन केला होता. पाऊण तास बोलले, असं डनीजने सांगितलं. मिस्टर ग्रे एवढंच म्हणाले, "ती फार जोरात बोलते. मला दोनदा प्रोग्राम बदलावा लागला." चर्चच्या वार्षिक सणाला त्यांनी ते पाचवं गाणं वाजवलं. गायला डनीज उभी राहिली. मला बोलावलं होतं, पण त्या दिवशी मुलाला ताप होता.

या प्रकरणानंतर मी पहिल्या भेटीच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न वाढवला: तुम्ही एखादं वाद्य वाजवता का? बहुतेक लोक 'नाही' लिहितात. मग शेजारी बसलेली बायको किंवा मुलगी पेन मागून घेते आणि ते खोडते. म्हणून आता फॉर्म भरून झाला की तो मी बरोबर आलेल्या माणसाकडून तपासून घेते.